आपल्या प्रिसिंक्टमधली रिकामी जागा

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण बेलव्ह्यू आणि रेडमंड या भागांत, म्हणजे वॉशिंग्टन राज्याच्या ४८व्या लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्टमध्ये (राज्य विधिमंडळाच्या मतदारसंघात) राहतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. २०२४च्या निवडणुकीत तिथल्या राज्य सिनेटर पॅटी कुडरर राज्याच्या विमा आयुक्त झाल्या. त्यांच्या रिकाम्या जागेवर २०२५च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहाच्या सदस्य वंदना स्लॅटर यांची नेमणूक झाली आणि स्लॅटर यांच्या जागी रेडमंडचे नगरसेवक उस्मान सलाहुद्दीन आले. या दोन्ही नेमणुका झाल्या तेव्हा तुम्हा-आम्हा मतदारांकडे मतपत्रिका आली नव्हती. राज्यघटनेतील तरतुदीप्रमाणे, ज्या पक्षाची जागा रिकामी होते त्या पक्षाची काउंटी (म्हणजे जिल्हा) समिती तीन नावे सुचवते आणि काउंटी कौन्सिल त्यांतून एकाची निवड करते. ती तीन नावे प्रत्यक्षात ठरवतात ते त्या डिस्ट्रिक्टमधले प्रिसिंक्ट कमिटी ऑफिसर, म्हणजे गल्ली-वस्तीच्या पातळीवरचे पक्षाचे प्रतिनिधी, ज्यांना इथे सगळे पीसीओ म्हणतात. आपला आमदार कोण, हे ठरवणाऱ्या त्या बैठकीत मत देण्याचा अधिकार तुमच्या गल्लीतल्या एका माणसाला होता आणि ती जागा रिकामी असेल, तर तुमच्या गल्लीतल्या कोणालाच नव्हता.

प्रिसिंक्ट म्हणजे मतदारयादीचा सर्वांत लहान भाग. कायद्याने त्यात १,५०० पेक्षा जास्त सक्रिय मतदार असू शकत नाहीत, त्यामुळे बहुतेक प्रिसिंक्ट पायी फिरून होण्याजोगे असतात. आपल्या किंग काउंटीत असे दोन हजारांहून अधिक प्रिसिंक्ट आहेत आणि प्रत्येकात प्रत्येक प्रमुख पक्षाचा एक पीसीओ असू शकतो. आपल्याकडे बूथप्रमुख नेमतो तो पक्ष, आणि त्याला बदलतो तोही पक्षच. इथे मात्र पीसीओची निवडणूक सरकारी यंत्रणा घेते आणि त्याचे स्थान कायद्यात लिहिलेले आहे. पक्षाची काउंटी समिती याच पीसीओंची बनते आणि सम वर्षाच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत बैठक घेऊन ते आपला अध्यक्ष निवडतात. पक्ष कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आपण भारतात अनेकदा हताशपणे विचारला आहे. इथे त्याचे उत्तर निदान कागदावर तरी स्पष्ट आहे, आणि ते कागदावरच राहू नये म्हणून मी आज तुमच्यापुढे उभा आहे.

पीसीओचे काम दारोदार जाण्याचे आहे. या राज्यात मतदार आपला पक्ष नोंदवत नाही, म्हणून कोण कोणत्या बाजूचा हे बोलल्याशिवाय कळत नाही. मतदान टपालाने किंवा ड्रॉप बॉक्समधून होते आणि पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळली नाही, तर ते मत बाजूला ठेवले जाते. काउंटी त्या मतदाराला पत्र आणि फॉर्म पाठवते, पण ती पत्रे घरात तशीच पडून राहतात. माझ्या प्रिसिंक्टमध्ये लेकाकडे कायमच्या राहायला आलेल्या आणि पुढे नागरिक झालेल्या एका आजींचे पत्र किराणा दुकानांच्या जाहिरातपत्रकांखाली न उघडता पडले होते. हात थरथरतो म्हणून त्यांची सही बदलली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही तो फॉर्म शोधला, त्यांनी सावकाश सही केली आणि सूनबाईंनी तो त्याच दुपारी पाठवला. निकालाला प्रमाणपत्र मिळण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो फॉर्म काउंटीकडे पोहोचावा लागतो; प्रायमरीत, म्हणजे पहिल्या दोघांना नोव्हेंबरच्या लढतीत पाठवणाऱ्या प्राथमिक फेरीत, तर मतदानानंतर जेमतेम दोन आठवडे हातात असतात. एका सहीने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी २०२४च्या ऑगस्टमधली प्रायमरी आठवावी. सार्वजनिक जमिनींच्या आयुक्तपदासाठी सुमारे १९ लाख मते पडली आणि दुसरे स्थान, म्हणजे नोव्हेंबरच्या लढतीतले स्थान, हाताने फेरमोजणी झाल्यावर डेव्ह अपथेग्रोव्ह यांना अवघ्या ४९ मतांनी मिळाले. नोव्हेंबरमध्ये तेच निवडून आले.

उमेदवारीचा अर्ज अगदी साधा आहे. सम वर्षाच्या मे महिन्यात, अर्ज भरण्याच्या ठरलेल्या आठवड्यात, काउंटीच्या निवडणूक विभागाकडे तो भरायचा. शुल्क नाही. तुम्ही त्या प्रिसिंक्टचे नोंदणीकृत मतदार असले पाहिजे आणि आपण त्या पक्षाचे आहोत असे जाहीर केले पाहिजे. तुमच्या पक्षाकडून त्या प्रिसिंक्टमध्ये दुसरा कोणी उभा नसेल, तर तुमचे नाव मतपत्रिकेवर न येताच तुम्ही निवडून आलात असे धरले जाते; दुसरा असेल, तर ऑगस्टच्या प्रायमरीतच निकाल लागतो. मुदत दोन वर्षांची असते आणि ती १ डिसेंबरला सुरू होते.

ग्रीन कार्ड किंवा एच-वन व्हिसावर असलेल्या मित्रांना कळकळीने सांगतो, की नागरिकत्व मिळेपर्यंत मतदारयादीत नाव घालू नका. चुकून घातलेल्या नावानेही पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडचणीत येऊ शकतो. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून मात्र तुम्ही पीसीओबरोबर अवश्य फिरा.

आणि वर्ष विषम असेल, तर मे महिन्याची वाट पाहू नका. पक्षाच्या काउंटी अध्यक्षाला रिकाम्या प्रिसिंक्टवर पीसीओ नेमता येतो, म्हणून आपल्या डिस्ट्रिक्टच्या पुढच्या मासिक सभेला जा आणि तुमच्या प्रिसिंक्टची जागा भरलेली आहे का, एवढे विचारा. अशा नेमणुकीवर आलेल्याला अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नसते. ते हवे असेल, तर पुढच्या सम वर्षी अर्ज भरून निवडूनच यावे लागेल.