तीनशे साठ फेरे

(दृश्य: गवताळ माळ. संथ चालणारी वॅगन. कॅमेरा मागच्या डाव्या चाकावर.)

८ मे १८४७. अमेरिकेतल्या प्लॅट नदीच्या उत्तर काठानं सत्तरेक वॅगनांची रांग पश्चिमेला चालली आहे. त्यातल्या एका वॅगनच्या डाव्या मागच्या चाकाशेजारून बत्तीस वर्षांचा एक कारकून चालतोय. त्याची नजर चाकावरून हलत नाही. ते किती फेरे घेतं, हे तो मोजतोय, एकही फेरा न सोडता. संध्याकाळी मुक्काम पडला तेव्हा त्याचा आकडा होता ४०७०.

कारकुनाचं नाव विल्यम क्लेटन. मोजायला लागण्याआधी त्यानं चाकाचा घेर घेतला होता. तो भरला १४ फूट ८ इंच. मैलाचे फूट ५२८०. भागाकार केला तर बरोबर ३६० फेरे आले, बाकी शून्य. असं चाक ठरवून बनवलेलं नव्हतं, ते तसं निघालं. याचं आपल्याला नवल वाटलं, असं त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

म्हणजे त्या दिवसाची चाल सव्वाअकरा मैल, वर वीस फेरे. छावणीत मात्र कुणी तेरा मैल म्हणत होतं, कुणी चौदा.

(दृश्य: जुना नकाशा. मिसुरी नदीपासून सॉल्ट लेकपर्यंतची रेघ.)

दोन-अडीच मैलांनी काय बिघडतं? हा तांडा मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचा होता. इलिनॉयमधल्या नॉव्हू शहरातून हुसकावले गेलेले हे लोक रॉकी पर्वतापलीकडे नवी वस्ती शोधत होते. पुढे निघालेली माणसं जेमतेम दीडशे, आणि मागे मिसुरीकाठी विंटर क्वार्टर्सच्या छावणीत हजारो जण याच वाटेनं यायचे होते. रोजची दोन-अडीच मैलांची चूक महिन्यात साठ-सत्तर मैलांवर जाते. मागून येणाऱ्यानं त्या आकड्यावर भरवसा ठेवला, तर पाणी आहे असं समजून तो कोरड्या माळावर बैल सोडील.

चूक होण्याचं कारणही साधं आहे. थकलेल्या माणसाला वाट लांब वाटते. वाळूत चाक रुतलं की दोन मैलांचे चार होतात, आणि अंदाज सांगणारे सगळेच थकलेले.

(दृश्य: इंग्लंड. रिबल नदी.)

क्लेटनचा जन्म १७ जुलै १८१४ चा, लँकशरमधल्या प्रेस्टनजवळच्या पेनवर्दममध्ये. वडील शिक्षक, त्याचं स्वतःचं पोटापाण्याचं काम हिशेबनिशीचं. १८३७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेहून आलेल्या हीबर किंबल या मिशनऱ्यानं रिबल नदीत त्याला बाप्तिस्मा दिला. पुढच्याच वर्षी नोकरी सोडून तो स्वतः प्रचाराला लागला. मँचेस्टरमध्ये त्यानं मंडळी जमवली आणि १८४० मध्ये लिव्हरपूलहून जहाज धरलं. बाप्तिस्म्यानंतर दहा वर्षांनी प्लॅटकाठी जिचं चाक तो मोजत होता, ती वॅगन याच किंबलच्या ताफ्यातली.

नॉव्हूत तो पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथचा लेखनिक झाला. बहुपत्नीत्वाचा आदेश १२ जुलै १८४३ रोजी कागदावर उतरला, तो क्लेटनच्या हातानं. त्यानं स्वतः नऊ-दहा लग्नं केली. त्याच्याविषयी बोलताना ही बाजू झाकायचं कारण नाही. १८४६ च्या फेब्रुवारीत नॉव्हू सोडताना त्याची एक बायको, डायांथा, मागेच राहिली होती, दिवस भरत आलेले म्हणून. मुलगा झाल्याची बातमी एप्रिलच्या मध्यावर आयोवाच्या चिखलात त्याच्यापर्यंत पोचली आणि त्यानं तिथंच एक भजन लिहिलं. ते आजही मॉर्मन चर्चमध्ये गातात. त्याचं नाव बहुतेकांना माहीत आहे ते त्या भजनामुळे. आमच्या मते त्याचं खरं काम चाकापाशी आहे.

(दृश्य: लाकडी दातेरी चाकांची प्रतिकृती, तुंब्याजवळ.)

दिवसाला चार हजार आकडे तोंडानं मोजणं किती दिवस चालणार? क्लेटन यंत्राचा आग्रह आधीपासून धरत होता. अखेर तांड्याचा पुढारी ब्रिगम यंग यानं गणिती ऑर्सन प्रॅटला आराखडा करायला सांगितलं.

प्रॅटचं गणित असं. वॅगनचं चाक सहा वेळा फिरलं की एक मळसूत्र एकदा फिरावं. मळसूत्राच्या आट्यांत साठ दात्यांचं चाक अडकवायचं. मळसूत्राच्या एका फेऱ्याला हे चाक एक दाता सरकतं. सहा गुणिले साठ म्हणजे ३६०, तेव्हा त्याचा पूर्ण फेरा झाला की एक मैल झाला. एक दाता म्हणजे ८८ फूट. या चाकालाच दुसरं मळसूत्र जोडून पुढे तीस दात्यांचं चाक बसवायचं, की त्याचा दाता मैलाला एक या हिशेबानं सरकतो. सगळ्याचं वजन तीन पौंडांच्या वर जायला नको, असंही प्रॅटनं लिहिलं होतं.

लाकडात ते उतरवलं ॲपल्टन हार्मन यानं. चाकाच्या मधोमधच्या तुंब्यावर एक खुंटी ठोकली. आखावर सहा हात असलेला दांडा बसवला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खुंटी एक हात ढकलते, सहाव्या फेऱ्याला दांड्याचा एक फेरा पुरा होतो. १६ मे रोजी त्यानं दहा मैलांत एकदा फिरणारं चाकही जोडलं. त्यावर मैल आणि पाव मैल वाचता येत. मग सगळ्यावर पेटी ठोकली.

पेटी ठोकूनही पावसानं गाठलंच. लाकूड फुगलं, चाकं अडकून बसली, एक दाता मोडला. यंत्र काढून ठेवायचं आणि तेवढी वाट अंदाजानं लिहायची, एवढंच हातात होतं.

इतर चुका अशा यंत्राच्या रचनेतच असतात. उतारावर वॅगन आवरायला मागचं चाक साखळीनं बांधलं, तर ते घसरत जातं, फिरत नाही. ती वाट मोजणीत येतच नाही. तराफ्यावरून नदी ओलांडतानाही तेच. आणि धाव झिजते. लोखंडी धावेची जाडी एक अष्टमांश इंच कमी झाली, तर घेर पाऊण इंचानं घटतो. हजार मैलांत चार-साडेचार मैल जास्त दिसतील.

यंत्र आपणच शोधलं असा हार्मनचा आव आहे, हे क्लेटनच्या कानावर आलं आणि त्यानं रोजनिशीत त्याला चांगलंच सुनावलं. मोजणीइतकाच राग पण नेमका नोंदवलेला.

(दृश्य: वाटेकडेच्या खांबावर फळी.)

वाटेत तो अंतराच्या फळ्या रोवत गेला. ९ मे रोजी लावलेल्या फळीवर विंटर क्वार्टर्सपासून ३०० मैल असा आकडा आणि खाली त्याचं नाव होतं, मोजणी कुणाची ते कळावं म्हणून. २२ जुलैला तो सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला आणि महिनाही न थांबता ऑगस्टमध्ये परतीला लागला. तोवर विल्यम किंगनं नवं यंत्र करून दिलं होतं, हजार मैलांपर्यंत मोजणारं. तीच वाट त्यानं उलटीकडून पुन्हा मोजली.

१८४८ मध्ये सेंट लुईसला त्याची चोवीस पानांची वाटाड्या पुस्तिका छापली गेली. एकूण अंतर १०३१ मैल. ओढ्यांची रुंदी, काठाची चढण, गवत कुठे, सरपण कुठे, सगळं तक्त्यांत. प्लॅटच्या एका टप्प्यावर तो बजावतो, की यापुढे दोनशे मैल उत्तर काठाला एक एकटं झाड सोडलं तर लाकूड मिळणार नाही, चूल पेटेल ती गव्यांच्या वाळक्या शेणावर आणि वाहून आलेल्या ओंडक्यांवर. रानगोवऱ्याच त्या! खारट पाण्याच्या जागाही त्यानं दिल्या, कारण ते पाणी प्यायलेली जनावरं मरत.

(दृश्य: सॉल्ट लेक सिटी. हिशेबाच्या वह्या.)

१८५२ च्या ऑगस्टातल्या परिषदेत पंथानं बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केलं. त्याच सभेत क्लेटनला इंग्लंडला जायचं फर्मान निघालं, आणि आणखी काही जणांना हिंदुस्थानला. त्याच सुमारास इंग्लंडकडून निघालेला ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी मुंबईला उतरला आणि पुढे पुण्याला गेला.

बाकी आयुष्य कचेरीत गेलं. क्लेटन युटा प्रदेशाचा लेखातपासनीस झाला, तार कंपनीच्या कारभारातही होता. गुरांच्या डागण्यांची नोंदवहीही त्याच्याच ताब्यात होती. मोकळ्या माळावर सगळ्यांची गुरं एकत्र चरत, तेव्हा जनावर कुणाचं हे ठरे ते कातड्यावरच्या डागावरून. एकच खूण डाव्या पुठ्ठ्यावर असली तर एका मालकाची, उजव्या खांद्यावर असली तर दुसऱ्याची. म्हणून वहीत खुणेशेजारी जागाही लिहावी लागे. वहीत चूक झाली, तर जनावर शेजाऱ्याच्या गोठ्यात.

४ डिसेंबर १८७९ रोजी सॉल्ट लेक सिटीत तो वारला.