खोक्यावर नसलेली तारीख

(बेळगाव, खडे बाजार. मोबाईल दुरुस्तीचं अरुंद दुकान. बाहेर पावसाची भुरभुर.)

पाटी कन्नडमध्ये, घासाघीस मराठीत. खानापूरकडून आलेल्या मामांच्या काखेत भाताच्या बियाण्याची पिशवी आहे. ती काउंटरवर ठेवून ते खिशातून रबर गुंडाळलेला फोन काढतात. काच शाबूत, बॅटरी दिवसभर टिकते.

"बँकेचं ॲप चालंना झालंय की."

दुकानातला पोरगा सेटिंग उघडून सुरक्षा अपडेटची तारीख बघतो. तीन वर्षांपूर्वीची.

"मामा, फोनला काय झालेलं नाही. कंपनीनंच हात काढून घेतलाय, अपडेट बंद. म्हणून ॲप नको म्हणतंय."

(उघडलेला फोन, जवळून.)

अँड्रॉइडमध्ये सापडलेली भोकं बुजवायच्या दुरुस्त्या गूगल २०१५ पासून नियमित जाहीर करतं. पण त्या या फोनात उतरायच्या, तर चिप बनवणारी आणि फोन बनवणारी, दोन्ही कंपन्यांनी हात लावावा लागतो. चिपवाल्यांनी जुन्या चिपचे ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि अँड्रॉइड यांना जोडणारे प्रोग्राम, देणं थांबवलं, की पुढचं काम जड जातं.

जड जातं, जमतच नाही असं नव्हे. २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा अपडेट मिळालं. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने आपल्या पाचव्या फोनात मुद्दाम कारखान्यातल्या उपकरणांसाठीची चिप घातली, कारण तिला जास्त वर्षं साथ मिळते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर हयात घालवलेल्यांना यातली गोम लगेच कळेल.

मोठ्या कंपन्याही आता वर्षांची भाषा बोलतात. गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ ला अपडेटची सात वर्षं, सॅमसंगच्या २०२४ च्या गॅलॅक्सी एस२४ ला सात. स्वस्त फोनांना सहसा बरीच कमी. आणि ही वर्षं मोजायची ती मॉडेल पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हापासून.

इथंच आपला हिशेब चुकतो. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोन तीन वर्षं वापरतो आणि गणपतीला गावी आला की वडिलांच्या हातात देतो. वडिलांसाठी तो नवा, कंपनीच्या वहीत म्हातारा.

युरोपीय संघाने मोजणीच फिरवली. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या मॉडेलांसाठी अपडेटची किमान पाच वर्षं धरायची, ती विक्री थांबल्यापासून. नव्या रंगरूपाची मोठी अपडेटं नाही मिळाली तरी चालेल. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मात्र हीच मोजणी आपल्याकडेही हवी.

(पुन्हा काउंटर.)

पोरगा एक वापरलेला फोन दाखवतो, खोक्यासकट. मामा आपल्या बियाण्याच्या पिशवीवर बोट ठेवतात. तिच्यावर मुदत छापलेली आहे.

"ह्याची कुठवर?"

पोरगा खोकं उलटसुलट करून बघतो. बनवल्याचा महिना आहे, किंमत आहे.