३९.१७ मेगाहर्ट्‌झवरचा देव

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, तो टीव्हीवर मोठा झाला आणि त्याचं बिंग फुटलं ते रेडिओवर. रेडिओच्या बातम्यांत नव्हे बरं का, रेडिओच्या लहरींवर. नाव पीटर पोपॉफ. मुक्काम अमेरिकेतलं कॅलिफोर्निया राज्य. व्यवसाय, येशूच्या नावाने आजार बरे करणं.

१९८०च्या दशकातली त्याची सभा कशी असायची ते आधी सांगतो. मोठं सभागृह, माणसांनी गच्च भरलेलं. भजनं टिपेला पोचलेली असतात. पोपॉफ मंचावरून खाली उतरतो, डोळे मिटल्यासारखे करतो आणि एक नाव घेतो. कुठल्या तरी रांगेत एक बाई दचकून उभी राहते. तो तिला तिच्या रस्त्याचं नाव सांगतो, घराचा नंबर सांगतो, गुडघ्याला काय झालंय ते सांगतो. बाई रडायलाच लागते. एवढ्या हजारो माणसांत देवाला माझा पत्ता ठाऊक आहे! मग कपाळावर हात, मोठ्याने प्रार्थना, बाई मागे कोसळते, मागे उभा असलेला सेवक तिला अलगद झेलतो. कॅमेरे चालू असतात. काही दिवसांनी हे सगळं देशभर दिसतं, आणि पडद्याच्या खालच्या बाजूला देणगीसाठी पत्ता असतो.

हे काही पोपॉफने शोधून काढलेलं नव्हतं. ओरल रॉबर्ट्‌स नावाच्या उपदेशकाने १९५०च्या दशकातच तंबूतल्या प्रार्थनासभांत टीव्हीचे कॅमेरे आणले होते. कॅथरिन कुलमन ही बाई तर त्या काळात घरोघरी माहीत होती. तिच्या सभेत बऱ्या झालेल्या तेवीस जणांचा विल्यम नोलन नावाच्या एका शल्यविशारदाने नंतर माग काढला. एकही खरा बरा झालेला सापडला नाही. मणक्याचा कर्करोग असलेल्या एका बाईने तर सभेत कमरेचा आधारपट्टा काढून फेकला होता आणि मंचावर धावून दाखवलं होतं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुसऱ्या दिवशी तिचा मणका खचला. चार महिन्यांत ती गेली. लोकांच्या लक्षात राहिलं ते धावणं.

तर पोपॉफ. जन्म १९४६चा, बर्लिनमधला. लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला, कॅलिफोर्नियात शिकला, पदवीधर झाला, एलिझाबेथशी लग्न केलं आणि अपलंड नावाच्या गावात दोघांनी आपलं बस्तान बसवलं. सोव्हिएत रशियात फुग्यांना बांधून बायबलं पाठवायची आहेत, पैसे द्या, अशीही हाक तो द्यायचा. शीतयुद्धाचे दिवस होते, अमेरिकन माणसाचा खिसा अशा हाकेला पटकन सैल व्हायचा. पण खरी कमाई होती ती देवाने कानात सांगितलेल्या नावापत्त्यांची.

आता या गोष्टीत दुसरा माणूस येतो, जेम्स रँडी. मूळचे कॅनडाचे, पेशाने जादूगार. साखळदंडातून सुटणं, पेटीतून निसटणं हे त्यांचे खेळ. जादूगाराचा एक स्वभाव असतो. तो लोकांना फसवतो, पण फसवतोय हे सांगून फसवतो. आणि तीच हातचलाखी कुणी देवाच्या नावावर खपवू लागला की त्याचं डोकं फिरतं. अलौकिक शक्ती सिद्ध करा आणि बक्षीस न्या, असं आव्हान रँडींनी १९६४मध्ये हजार डॉलर्सपासून सुरू केलं आणि पुढे ते दहा लाख डॉलर्सवर गेलं. श्रीलंकेत राहिलेले अब्राहम कोवूर, आपल्याकडे बी. प्रेमानंद हे बुवाबाजीशी लढणारे विवेकवादी आणि नंतर अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी अशीच आव्हानं दिली. ती कुणी जिंकली नाहीत, तसंच रँडींचंही कुणी जिंकलं नाही.

पोपॉफ नावं सांगतो कशी? रँडींचा एक तरुण सहकारी, स्टीव्ह शॉ, स्वतः मनकवडेपणाचे प्रयोग करणारा कलाकार. गर्दीत तो पोपॉफच्या जवळ गेला, तेव्हा त्याला पोपॉफच्या कानात काहीतरी बसवलेलं दिसलं. दुसऱ्यांचे आजार बरे करणाऱ्या या धडधाकट माणसाला श्रवणयंत्र कशाला हवं?

मग १९८६च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेत अलेक्झांडर जेसन नावाचा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार रेडिओ स्कॅनर घेऊन आत शिरला. हे यंत्र एकेक कंप्रता चाळत जातं आणि कुठे कुणी बोलताना सापडलं की थांबतं. ते थांबलं ३९.१७ मेगाहर्ट्‌झवर. देवाचा आवाज बाईचा निघाला. 'हॅलो पीटी, ऐकू येतंय का? येत नसेल तर तुझं काही खरं नाही.'

ही एलिझाबेथबाई. सभेच्या बाहेर एक ट्रेलर उभा असायचा, त्यात टीव्हीचे पडदे लावलेले. त्यांवर आतलं सगळं बघत ती हातातली कार्डं वाचून दाखवायची आणि नवरा ती मोठ्याने पुन्हा म्हणायचा. कार्डं कुठून आली? तर लोकांनीच दिलेली. सभा सुरू होण्याआधी त्यांच्याकडून प्रार्थनापत्रिका भरून घेतल्या जायच्या. नाव, पत्ता, आजार, काय मागणं आहे ते. आपण तासापूर्वी स्वतःच्या हाताने लिहून दिलेलंच आपल्याला परत ऐकवलं जातंय, हे त्या बाईला कसं उमगत नसेल, असं तुम्हाला वाटेल. मला ते कळू शकतं. जिचं गाऱ्हाणं घरातही कुणी पुरतं ऐकून घेत नाही, तिला भरसभेत कुणी नावाने हाक मारली की ती कार्ड आठवत बसत नाही.

स्कॅनरवर टिपलेल्या ध्वनिफितींवर आजारी माणसांची ट्रेलरमधून चाललेली टिंगलही आहे. मला स्वतःला कानातल्या यंत्रापेक्षा ती जास्त लागली. यंत्राबद्दल एखादा म्हणेल की श्रद्धा वाढवायला केलं. या हसण्याचं काय करायचं?

बाकीच्या युक्त्या त्या मानाने साध्या. चालता येणाऱ्या, पण काठी टेकणाऱ्या, थकलेल्या माणसांना दारातच चाकाची खुर्ची द्यायची, 'बसा आजी, तुम्हाला पुढे नेतो' म्हणून पहिल्या रांगेत आणून ठेवायचं. पुढे भर सभेत त्यांना उठून चालायला सांगायचं. ते चालतात. चालतच तर आले होते! खरोखरचे पांगळे मात्र मागच्या रांगांत. या धंद्यात पाय लांब करण्याचाही एक जुना प्रकार आहे. माणसाला खुर्चीत बसवून दोन्ही पाय हातावर उचलून धरायचे आणि एका पायातला बूट टाचेपासून किंचित बाहेर ओढायचा. तो पाय लांब दिसतो, म्हणजे दुसरा आपोआप आखूड दिसतो. मग प्रार्थना करत बूट हळूच आत ढकलायचा, की दोन्ही पाय सारखे. घरी करून बघा, जमेल.

रँडींच्या मंडळींत डॉन हेनविक म्हणून एक गृहस्थ होते. पेशाने पोस्टमन. वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळी सोंगं घेऊन ते या सभांना जायचे आणि दरवेळी वेगळ्या आजारातून बरे व्हायचे. डेट्रॉइटला ते बाईच्या वेषात गेले, खोटं नाव लिहून दिलं आणि पोपॉफने त्यांचा गर्भाशयाचा कर्करोग बरा केला. एवढ्या अवजड अंगाच्या पुरुषाला गर्भाशय नसतो, हे देवाच्या लक्षात यायला हवं होतं.

एप्रिल १९८६मध्ये रँडींनी पोपॉफच्या सभेची चित्रफीत जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये दाखवली. कार्सन हे तिथलं रात्रीच्या टीव्हीवरचं सगळ्यांत मोठं नाव, आणि तरुणपणी स्वतः जादूचे प्रयोग केलेला माणूस. आधी पोपॉफचं नुसतं चित्र आणि आवाज, मग तेच पुन्हा, पण या वेळी एलिझाबेथच्या आवाजासकट. पोपॉफच्या बाजूने आधी सांगण्यात आलं की हा बायकोचा आवाजच नाही, वाहिनीने कुणी नटी आणून बनावट फीत केली आहे. ते टिकेना, तेव्हा यंत्र होतं हे कबूल झालं. वर, ते तर सगळ्यांना माहीतच होतं, अशी मखलाशी. दीड वर्षाच्या आत, १९८७च्या सप्टेंबरमध्ये, त्याने दिवाळं जाहीर केलं. जवळपास आठशे जणांचं देणं थकलं होतं.

एक गोष्ट मात्र दिवाळ्याच्या कुठल्याच कागदात येत नाही. पोपॉफ सभेत लोकांना औषधं मंचावर फेकायला सांगायचा. सैतानाशी नातं तोडा, म्हणायचा. आणि लोक फेकायचे. रँडींनी लिहून ठेवलंय की त्या ढिगात हृदयविकाराच्या गोळ्या असायच्या, मधुमेहाची औषधं असायची. ती फेकून घरी गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं, याची यादी कुणी केलेली नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती घरं आहेत. हा ख्रिस्ती श्रद्धेचा पंचनामा नाही. वांद्र्याच्या मोतमावलीला सगळ्या धर्मांची माणसं मेणाचे हातपाय वाहतात, तिथे तुमचा पत्ता कुणी कानात सांगत नाही आणि गोळ्या टाकून द्यायलाही सांगत नाही. फ्रान्समध्ये लूर्दला कॅथलिक चर्चने १८८३पासून डॉक्टरांचं कार्यालयच ठेवलं आहे. बरे झालो म्हणणारे हजारोंनी आले. त्यांतले सत्तरच्या आसपासच चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले. त्याहीबद्दल वाद घालता येईल. पण तिथे कागद तपासतात, एवढं तरी आहे.

पोपॉफची गोष्ट दिवाळ्यावर संपली असती तर मी ती आज सांगत बसलो नसतो. १९९८च्या सुमाराला तो पुन्हा पडद्यावर आला, आता मुख्यतः कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या वाहिनीवर. पुढे रात्री उशिराच्या विकत घेतलेल्या वेळांत. कानातलं यंत्र आता लागतच नव्हतं. आता होतं 'चमत्कारी झऱ्याचं पाणी'. फोन करा, पुडी फुकट येईल. ती उशाशी घेऊन एक रात्र झोपायचं, मग पाणी प्यायचं, प्रार्थना करायची, रिकामी पुडी परत पाठवायची आणि सोबत पैसे. एकदा पत्ता हाती लागला की पत्रांवर पत्रं. आणि आता आजारापेक्षा कर्जाचा जप जास्त: पाणी प्यायलं आणि अचानक चेक आला, कर्ज माफ झालं, अशा साक्षी.

मला वाटतं, रँडींचा नेम अचूक होता, फक्त तो चमत्कारावर होता. लोक चमत्कारासाठी येत होते खरे. पण पोपॉफ जगत होता पत्त्यांच्या यादीवर. यादी शाबूत होती. १९८६ला कार्सन बघणारा प्रेक्षक वेगळा आणि रात्री दोन वाजता वीजबिलाच्या काळजीने जागी असणारी बाई वेगळी. तिच्यापर्यंत ती चित्रफीत कधी पोचलीच नाही, आणि पोचली असती तरी 'ती जुनी गोष्ट, आता त्याला पश्चात्ताप झालाय' हे उत्तर तयार होतंच. ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉमने त्याचे कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिन्यांना ताकीद दिली. अमेरिकेत धर्माचा विषय निघाला की सरकार चार पावलं मागेच राहतं. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३मध्ये, जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं हा गुन्हा आहे, बुवा कुठल्याही धर्माचा असो. तसं कलम पोपॉफच्या वाटेत कधी आलं नाही.

उलट झालं ते असं. २००५मध्ये त्याच्या संस्थेकडे २ कोटी ३० लाख डॉलर्सहून जास्त जमा झाले. २००६मध्ये संस्थेने आपली नोंदणी 'चर्च' म्हणून करून घेतली. २००७मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ब्रॅडबरीत ४५ लाख डॉलर्सचं घर घेतलं गेलं. आणि अमेरिकेत चर्चला कर नाही, वार्षिक हिशेब सादर करण्याचंही बंधन नाही. त्यामुळे त्या पाण्याच्या पुड्यांमागे पुढे किती पैसे आले, याचा आकडा २००५नंतर कुठल्याच सरकारी दप्तरात पाहायला मिळत नाही.

नमस्कार.