गळलेला गॅस जातो कुठं?

(अग्निशमन सेवा सप्ताहात एका गृहनिर्माण सोसायटीत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. मला मात्र आज तुमच्या ओट्याखालच्या लाल सिलिंडरबद्दल बोलायचंय.

आधी हात वर करा. पाइपचा गॅस कुणाकडे? आणि सिलिंडर? बरं, दोन्ही आहेत. मग नीट ऐका, कारण या दोघांचे स्वभाव उलटे. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. हवेपेक्षा हलका, गळला की छताकडे जातो. सिलिंडरमध्ये असतं प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. त्यामुळे हा गॅस सांडलेल्या पाण्यासारखा खाली उतरतो आणि ओट्याखाली, फ्रिजमागे, मोरीच्या जाळीपाशी साचून राहतो. गॅसची गळती ओळखणारं यंत्र बसवायचं, तर पाइपवाल्यांनी ते छताजवळ लावावं, सिलिंडरवाल्यांनी जमिनीपासून हातभर उंचीवर. बरेच जण ते दिसायला बरं म्हणून नजरेच्या उंचीवर लावतात, म्हणजे दोन्ही गॅसना गैरसोयीचं.

सिलिंडरमधला गॅस हवेत साधारण दोन टक्के मिसळला की ठिणगीनं पेट घेतो. दहा बाय दहाच्या स्वयंपाकघराचा हिशोब केला, तर भरलेल्या चौदा किलोंतला सव्वा किलोच्या आसपास गॅस पुरतो. आणि तो खाली साचतो म्हणून त्याहूनही कमी.

गॅसला स्वतःचा वास नसतो. तो सडका वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा. रात्री वास आला की आपला हात पहिला जातो दिव्याच्या बटणाकडे. नेमकं तेच करायचं नाही. दिवा लावू नका, लागलेला असेल तर बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळेस पडते. एक्झॉस्ट फॅनही नको. फ्रिज तर कुणी हात न लावता आपोआप चालू-बंद होतो. रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरवर टोपी बसवा, दारं उघडा. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, जमिनीपर्यंत पोचणारं बाल्कनीचं दार उघडा. मग बाहेर जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

आता लग्नाच्या मांडवात चला. आचाऱ्याच्या १९ किलोच्या निळ्या सिलिंडरवर खालच्या अंगाला पांढरं दव गोठलेलं दिसतं. आत द्रव असतो, त्याचा वायू होताना तो भांड्याचीच उष्णता ओढून घेतो. मोठी भट्टी भराभर गॅस ओढते, द्रव थंड पडतो, दाब घटतो, ज्योत मंदावते. मग कुणीतरी उकळत्या पाण्याची परात आणतो, एखादा महाभाग तर खाली जाळही धरतो. अहो, दोन सिलिंडर एकत्र जोडा, काम झालं!

सिलिंडरच आगीत सापडला तर आमचे जवान ज्योतीऐवजी सिलिंडरवर पाणी मारत बसतात आणि बघे ओरडतात, “आग विझवा की!” कारण असं, की आतला द्रव खालचा पत्रा थंड ठेवतो, पण द्रवाच्या वरचा पत्रा तापून मऊ पडतो आणि फाटतो. व्हॉल्व्ह बंद होत नसताना ज्योत विझवली, तर गॅस पुन्हा साचणार.

नळीचं थोडक्यात: आयएसआय मार्कची, पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवर ‘बी २८’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ एप्रिल ते जून २०२८ मध्ये त्याची चाचणी करायची आहे. ती वेळ उलटून गेलेला सिलिंडर आला, तर घेऊ नका.

आणि बाथरूममधला गॅस गिझर. तिथं गळती व्हायचीही गरज नाही, बंद खोलीत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर बसवा, पाणी आत घ्या.

मागच्या ताई विचारतात, गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करून उरलेला वापरला तर? नको. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. एका लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो, शेगडीवर भडका उडतो. गॅस कमी भरलाय अशी शंका असेल, तर रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावर लिहिलेलंच असतं. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असतो, दारातच वजन करून मागा.