अनलिमिटेड म्हणजे नेमकं किती?

श्रोतेहो, नमस्कार.

नेटच्या जाहिरातीत 'अनलिमिटेड' हा शब्द मोठा असतो, मर्यादा मात्र खाली बारीक अक्षरांत. तिला एफयूपी, म्हणजे 'फेअर यूसेज पॉलिसी' म्हणतात. ठरलेला डेटा संपला की कनेक्शन तुटत नाही, वेग मात्र दणकन उतरतो.

घरच्या फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये ही मर्यादा महिन्याला ३३०० जीबी आहे. १०० एमबीपीएसचा वेग म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठने भागलं की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. पूर्ण वेगाने डाउनलोड चालू ठेवलं तर ३३०० जीबी साधारण ७३ तासांत संपतील. अर्थात घरात एवढं कुणी ओढत नाही, त्यामुळे तिकडची काळजी सोडा.

खरी ओढाताण मोबाइलवर. रोजचा दीड जीबीचा पॅक घ्या. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो, म्हणजे अर्ध्या तासात दिवसाचा कोटा साफ! त्यानंतर बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. ३ एमबीचा एक फोटो उतरायला सव्वासहा मिनिटं. साधे मेसेज कसेबसे जातात, पण दुकानात उभं राहून यूपीआयचं चक्र फिरताना पाहावं लागतं. आणि कोटा उरला तरी बहुतेक पॅकमध्ये रात्री १२ ला तो जातो.

न वापरता डेटा गेला, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा चोर आपल्याच फोनमध्ये सापडतो. फोटोंचा बॅकअप वायफायवरच ठेवा, कारण अपलोडही मोजलं जातं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त जाऊन मोबाइल डेटावरचं ऑटो-डाउनलोड बंद करा. हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की विंडोज त्याला वायफायच समजतं आणि मागच्या मागे अपडेट उतरवत बसतं. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजून मिळणारं नेट, हा पर्याय चालू केला की बरंचसं थांबतं.

हिशेब फोनच्या आकड्यावर करू नका. फोनची मोजणी बहुधा महिन्याच्या १ तारखेपासून असते, पॅक मात्र रिचार्जच्या दिवसापासून. ॲन्ड्रॉइडमध्ये डेटा वापराच्या पानावर सायकलची, म्हणजे मोजणी सुरू होण्याची तारीख बदलता येते. तरी दोन आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि वेग उतरतो तो कंपनीच्या आकड्यावर. म्हणून तिच्याच ॲपमध्ये शिल्लक पाहा.