यीस्टला वाढावं किती?

मंडळी, सोलापूर जिल्ह्यात यीस्टची ओळख करून द्यायला नको. साखर कारखान्याशेजारच्या डिस्टिलरीत मळीवर तेच राबतं. तिथे आपल्याला त्याच्याकडून अल्कोहोल हवं असतं. आजच्या यीस्टला मात्र दुसऱ्याचं जनुक दिलेलं आहे आणि त्याच्याकडून हवंय प्रथिन. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये आणलेली हिपॅटायटिस-बीची लस अशीच, पिकिया पास्टोरिस नावाच्या यीस्टमध्ये तयार झालेली.

गुऱ्हाळावर चुलवाणाशी बसलेला माणूस पाहिलाय ना? चिपाडं तो थोडी थोडी सारतो. एकदम कोंबली की जाळ दबतो, धूर होतो. बेकरीच्या यीस्टचं तेच आहे: साखर जास्त झाली की हवा भरपूर असूनही ते अल्कोहोल करत बसतं. पिकिया त्या मानानं शहाणं, पण त्याचीही गंमत आहे.

आधी त्याला ग्लिसरॉल, म्हणजे आपलं ग्लिसरीन देतात, सुरुवातीला लिटरला साधारण ४० ग्रॅम. त्यावर ते नुसतं वाढतं, प्रथिन बनवायला हात लावत नाही. ग्लिसरॉल संपलं की पंपानं आणखी थोडं देऊन पेशी दाट करायच्या आणि मग मेथॅनॉल, हे एक वेगळं अल्कोहोल, सुरू करायचं. नेहमीच्या पद्धतीत जनुकाचं कुलूप मेथॅनॉलनंच उघडतं. पण मेथॅनॉल साचलं तर विष. पेशीत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड होतं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बरण्यांत बेडूक टिकवायला वापरतात तेच.

मग यीस्टच्या ताटात वाढायचं किती? नवशिका असताना रात्री दोन वाजता मी पाहिलं, टाकीत विरघळलेला ऑक्सिजन खाली चाललाय. मला वाटलं, पोरं भुकेली आहेत! पंप वाढवला. सकाळी सगळा घाण फेस. खरं तर उलट होतं. ताटात जास्त पडलं होतं.

यीस्टलाच विचारायची एक साधी युक्ती आहे. पंप क्षणभर बंद करा. ऑक्सिजनचा काटा मिनिटभरात उसळला, तर ताट रिकामं होतं. थोडं वाढवायला हरकत नाही. काटा हललाच नाही, तर मागचंच अजून खाणं चाललंय. हात आखडा.

आणि ताट रिकामं असलं तरी वाढायची मर्यादा पुष्कळदा यीस्टच्या भुकेवर ठरत नाही, आपल्या टाकीवर ठरते. मेथॅनॉल जाळायला ऑक्सिजन फार लागतो आणि उष्णताही फार निघते. पिकियाला ३० अंश लागतात. ३२ च्या वर प्रथिन बिघडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट! त्यानं टाकी गार करणार कशी? पाणी गार करणारा चिलर लागतोच. नसेल तर पंप हळू चालवा, दिवस जास्त जाऊ द्या.

कुणीतरी विचारेल, शुद्ध ऑक्सिजन सोडला तर? सोडा. ऑक्सिजनची ओढाताण सुटेल. पण जितका ऑक्सिजन खपतो त्या मापातच उष्णता निघते, तेव्हा फिरून चिलरपाशीच यावं लागतं.