घरी न्यायचे पुस्तक एक पायरी सोपे हवे
(साताऱ्यात प्राथमिक शिक्षक व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो,

शनिवारी शाळा सुटताना पहिली-दुसरीच्या मुलाच्या दप्तरात जे गोष्टीचे पुस्तक जाते, ते कसे निवडावे, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. वर्गात वाचायला कसे शिकवावे याचा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी या विषयात मोठे काम उभे केले, आणि कुमठे बीटमधील, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या गटातील, शाळा पाहायला तर राज्यभरातून शिक्षक आले. घरी पाठवायच्या पुस्तकाचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी कपाट उघडून हाताला लागेल ते वाटण्यापाशी थांबतो.

माझे म्हणणे असे की, मूल वर्गात ज्या पुस्तकावर शिकत आहे, त्याहून घरी जाणारे पुस्तक एक पायरी सोपे असावे. वर्गात अडले तर बाई शेजारी असतात. घरी संध्याकाळी वडील एमआयडीसीतल्या दुसऱ्या पाळीला गेलेले असतात, आई धारा काढत असते, आणि कौतुकाने ऐकायला बसलेल्या आजीला कित्येकदा अक्षरओळख नसते. अशा घरात पुस्तक उघडणाऱ्या मुलाला ते शेवटच्या पानापर्यंत एकट्याने नेता आले पाहिजे; दुसऱ्याच पानावर ते रुतले, तर सोमवारी पुस्तक न उघडता परत येते आणि आपण म्हणतो, मुलाला गोडी नाही.

सोपे म्हणजे किती सोपे, याचे एक जुने माप आहे. अमेरिकेतील वाचनतज्ज्ञ एमेट बेट्स यांनी १९४६ साली मांडले की, शंभर शब्दांपैकी सुमारे ९९ शब्द बरोबर वाचता आले तर ते पुस्तक मुलाने एकट्याने वाचण्याजोगे, ९५ आले तर शिकवण्याजोगे, आणि ९० च्या खाली गेले तर वैताग आणणारे समजावे. पुढे या आकड्यांवर पुष्कळ वाद झाले, तरी घरचे पुस्तक आणि वर्गाचे पुस्तक वेगळे, हा त्यातला भेद कामाचा आहे. आपल्याकडे पाच बोटांचा नियम अधिक लोकप्रिय आहे: पान वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचे आणि पाच उघडली की पुस्तक अवघड मानायचे. भरगच्च मजकुराच्या पानाला तो ठीक आहे. परंतु पहिलीच्या चित्रपुस्तकात एका पानावर चाळीस शब्द असतील, तर पाच शब्द अडेपर्यंत मूल बेट्स यांच्या वैतागाच्या पायरीवर केव्हाच पोहोचलेले असते. घरच्या पुस्तकासाठी मी चाळीस शब्दांत फार तर एक अडलेला शब्द चालवून घेतो.

शिवाय हे आकडे इंग्रजी वाचनातून आलेले आहेत. मराठीत ‘घरासमोरून’ हा एकच शब्द अनेक इंग्रजी शब्दांचे काम करतो, त्यामुळे एक शब्द निसटला की वाक्याचा मोठा तुकडा निसटतो. आपल्या मुलांची अडचण प्रामुख्याने जोडाक्षरे, रफार आणि प्रत्ययांनी लांबलेले शब्द येथे असते. दुसरीतील एक मुलगी माझ्यासमोर ‘बकरी पळाली, तिच्यामागे रामा पळाला’ हे घडाघडा वाचून गेली. पुढच्या पानावर ‘स्वयंपाकघराच्या खिडकीतून मांजर डोकावले’ असे वाक्य होते. तिने ‘स्व… यं… पाक’ असे तुकडे केले, चित्राकडे पाहिले, ‘घरात’ म्हणाली आणि ‘खिडकीतून’ गाळून थेट मांजरावर आली. शेवटचा शब्द तिने ‘डोकावलं’ असा वाचला. ही शेवटची गोष्ट मी चूक धरत नाही, कारण तिने अर्थ ओळखून तो आपल्या बोलीत आणला होता. आधीचे दोन शब्द मात्र अडलेच होते, आणि तेवढ्यावरून ते पुस्तक वर्गात ठेवून घ्यावे हे ठरले.

पुस्तकावर छापलेली पातळी पाहून निवड केली तर काय बिघडते, असे विचारले जाते. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावर पुस्तके चार पातळ्यांत लावलेली आहेत, आणि पहिली चाळणी म्हणून ती फार सोयीची आहेत. पण अशा पातळ्या शब्दसंख्या आणि वाक्यांची लांबी यांवर बऱ्याच अंशी बेतलेल्या असतात, आणि दुसऱ्या भाषेतून मराठीत आलेल्या पहिल्या पातळीच्या पुस्तकातही ‘सूर्य’, ‘प्राणी’, ‘पृथ्वी’ एकाच पानावर भेटू शकतात. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातील दुसरीसाठीचे मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचे उद्दिष्टही पुस्तक निवडण्याचे साधन नव्हे. वेग किती आला हे त्यावरून कळते, कोणते पुस्तक द्यावे हे कळत नाही. त्यापेक्षा मुलाकडून मधले एखादे पान मोठ्याने वाचून घ्यावे, त्याला मिनिटभर पुरते.

त्या मिनिटाला एक प्रश्न जोडावा लागतो. मराठीची लिपी उच्चाराला बरीचशी धरून चालते, म्हणून अर्थ न कळताही आपले मूल पान अस्खलित वाचू शकते, आणि ऐकणारा फसतो. पान मिटवून ‘काय झालं रे?’ असे विचारावे. ‘त्यो पाण्यात पडला आन् कासवानं वडून काढला’ असे उत्तर आले, तर ‘तो’ आणि ‘ओढून’ करायला न लावता पुस्तक त्याच्या हवाली करावे. जतसारख्या सीमेवरच्या तालुक्यात, जिथे कित्येक मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते, तिथे हा प्रश्न अधिकच सावकाश विचारावा लागेल.

पायरी ओळखायला रंगीत चिकट्या लावायच्या तर त्या पुस्तकाला लावाव्यात, मुलांच्या यादीला नको. नाहीतर चौथ्या दिवशी वर्गात एखाद्या मुलाला ‘लाल पट्टीवाला’ असे नाव पडते. पालकांना स्वतः वाचून दाखवायचे असेल, तर त्यासाठी कितीही अवघड आणि सुंदर पुस्तक न्यावे, फक्त ‘हे तुम्ही वाचून दाखवा’ अशी चिठ्ठी आत असावी, नाहीतर तेच मुलापुढे परीक्षेसारखे धरले जाते. आणि मूल तेच पुस्तक तिसऱ्यांदा मागू लागले, तर ते द्यावे. सलग दोन-तीन पुस्तके न अडता वाचून, गोष्ट सांगून झाली, की पुढच्या शनिवारी वरच्या पायरीचे एक आणि जुन्या पायरीचे एक अशी दोन पुस्तके दप्तरात घालावीत.